पडद्यावरची होडी

मी होडी बोलतेय. करावे गावची, सागवानी, सतरा हात लांब. गेली अकरा वर्षं मी पाण्यात नाही. धनेशशेठच्या पाच मजली इमारतीखाली, दोन स्कूटर आणि पाण्याचा पंप यांच्या मधोमध माझा मुक्काम आहे. म्हणून मला कमी लेखू नका. तुमच्या ओळखीत कुणाची हळद झाली असेल आणि तिथं कोळीगीत लागलं असेल, तर त्या गाण्याच्या व्हिडिओत तुम्ही मला नक्की पाहिलंय. हिरॉइन कंबरेवर हात ठेवून जिला टेकून उभी असते ना, ती मी.

चव्वेचाळीस गाण्यांत काम केलंय मी. दुसरं कुणी मोजत नाही, म्हणून मीच मोजते.

माझा जन्म सत्त्याऐंशी सालचा. नामदेवनं मला खाडीच्या काठावर, सुतार घरी आणून बांधून घेतलं. पाण्यात उतरवताना नाळेवर, म्हणजे माझ्या पुढच्या टोकावर, नारळ फुटला आणि नामदेवच्या बायकोनं, गोजरानं, मला हळदकुंकू लावलं. मला वाटलं आता जन्मभर कोळंबी, बोईट आणि जिताडा यांच्या संगतीत दिवस जायचे. सुरुवातीला गेलेही तसे. नामदेव भरती बघून निघायचा, ओहोटीला परतायचा, आणि गोजरा पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायची. माझ्या फळ्यांना मासळीचा वास होता. पुढे शूटिंगच्या दिवसांत तो वास जावा म्हणून माझ्यावर अत्तर मारलं गेलं.

गोजरा नुसती मासळीवाली नव्हती. ती गावची धवलारीण होती. म्हणजे काय, ते सांगते. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्नाला आणि हळदीला एक जाणती बाई धवले गाते. ती एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलावते, गावदेवीला, खाडीला, घरच्या मेलेल्या माणसांनाही. सगळे आले की त्यांच्यादेखत हळद लागते, आणि शेवटी ती सगळ्यांना मानानं निरोप देते. गोजराचा धवला वीस-बावीस मिनिटांचा. एकदा सुरू झाला की मधे थांबायचं नाही, असं तिला सासूनं शिकवलं होतं.

"देवाना हाका मारून बोलावल्यान," ती म्हणायची. "आनि पाटावर बसवून मीच उठून जाव? पावन्याशी तरी असा कुनी वागतो काय?"

शिरवण्याला एका लग्नात मांडवाच्या कोपऱ्यानं पेट घेतला. माणसं बादल्या घेऊन धावली, नवरा उठून उभा राहिला, आणि गोजरा गातच राहिली. आग विझली, नवरा ओशाळून बसला, धवला पुरा झाला. अशी ती बाई.

एक्क्याण्णव साली एक कॅसेटवाला आला. त्याला खऱ्या मांडवातलं गाणं हवं होतं. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, गोजराचा धवला बावीस मिनिटांचा. बसला! उरलेल्या आठ मिनिटांत त्यानं बेंजो वाजवून घेतला. तेव्हा गाणं नुसतं ऐकायचं असे. चित्र ज्यानं त्यानं आपल्या मनात काढायचं. उरणकडच्या लोकांना गोजरा म्हणे गोरी आणि विशीतली वाटायची. तिला तेव्हा तीन मुलं होती आणि पुढचा एक दात पडलेला होता.

पण कॅसेटला कव्हर लागतंच. फोटो काढायला माणूस आला तेव्हा गोजरा बाजारात गेली होती आणि मी दारात होते. झालं! कव्हरवर मी आले. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'गायन: करावे गावच्या महिला'. गोजरानं कॅसेट उलटीपालटी करून पाहिली आणि मला थोपटून म्हणाली, "तुजा फोटू बेस आयलाय गो."

खरं सांगते, मी फुगले. अपघातानं मिळालेली प्रसिद्धीसुद्धा आपल्या गुणांनीच मिळाली असं वाटायला फार वेळ लागत नाही. हे मी माणसांकडूनच शिकले.

मग आली व्हीसीडी. दोन हजार चार साल असेल. आता गाणं बघायचं असतं, असं ठरलं. मितेश नावाचा लग्नाच्या शूटिंगा करणारा तरुण दिग्दर्शक झाला. त्यानं खाडीकाठी खोटा मांडव घातला, मागे मला ओढून आणलं आणि माझ्यावर एक भगवं शीड चढवलं. आमच्या खाडीत वल्ह्यांवर काम चालतं, असलं शीड मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण नटीला विचारतो कोण?

नवरा-नवरी म्हणून कल्याणहून दोन नट आणले होते. गोजराला मुद्दाम बोलावलं होतं, कॅमेऱ्यासमोर गायला. तिनं नवं लुगडं नेसलं होतं, केसांत अबोली माळली होती. इतकी नटलेली ती मला तिच्या मुलांच्या लग्नातही दिसली नाही.

"काकी, एकदम सोप्पं हाय," मितेश म्हणाला. "दोन ओळी बोला. मी कट बोललो का थांबायचं."

"धवला असा उगाच गात नाय रं. नवरा-नवरी लागतात."

"हे काय बसलेत ना नवरा-नवरी!" मितेशनं कल्याणच्या जोडीकडे बोट दाखवलं.

इथं सगळं बिघडलं. गोजरानं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. मांडव आहे, पाट आहे, मुंडावळ्या आहेत, आणि बाप्या माणूस तोंडानं सांगतोय की हे नवरा-नवरी. तिनं डोळे मिटून धवला सुरू केला. दोन ओळी झाल्या. "कट!" गोजरा गातेय. "काकी, कट!" गोजरा गावदेवीपर्यंत पोचली. शूटिंग बघायला गावातल्या पन्नास बाया जमल्या होत्या. धवला चालू आहे म्हटल्यावर त्यांनी सवयीनं सूर धरला. कुणी हळद कालवली, कुणी तांदूळ आणले. कल्याणचा नट आधी हसत होता. त्याला वाटलं, गावातले लोक फार हौशी आहेत. मग दोघींनी त्याचं उपरणं त्या मुलीच्या पदराला बांधलं आणि पन्नास बायांनी तांदूळ टाकले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"अहो, माझं लग्न झालंय! बायको आहे घरी!" तो ओरडला.

"मंग आदी सांगाचा नाय काय?" एक म्हातारी त्याच्यावरच खेकसली.

गाठ सोडवून तो जो पळाला तो थेट स्टेशनवर. पुढं वर्षभर गावातल्या म्हाताऱ्या मितेशला वाटेत अडवून विचारायच्या, "ती पोर नीट नांदतंय ना रं?" मितेशनं त्या दिवशी कानाला खडा लावला. यापुढं आपल्या शूटिंगला धवलारीण नको, बाकी कोणीही चालेल.

गोजराचं त्या दिवशीचं शूटिंग वगळून व्हीसीडी निघाली. आवाज जुन्या कॅसेटवरचा, गोजराचाच, कापून पाच मिनिटांचा केलेला. ओठ दुसऱ्या एका मुलीचे. गोजरानं शेजारच्या टीव्हीवर ते पाहिलं. आपला आवाज लिपस्टिक लावलेल्या परक्या तोंडातून येताना तिनं पहिल्यांदा ऐकला. "तोंड बरा हालवतंय पोरी," एवढंच ती बोलली आणि घरी येऊन कोळंबी सोलायला बसली. एक वाटा सोलायला तिला कधी इतका वेळ लागला नव्हता. मी दारातच होते. मला वाईट वाटलं, हे सांगायला हवं. पण त्याच व्हीसीडीत माझे अकरा शॉट होते, आणि तेही मी मोजत होते.

त्यानंतर काळ फार भराभर गेला. खाडीत गाळ साचला, मासळी कमी झाली. नामदेव वारला. मोठा मुलगा धनेश, त्याला सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात, साडेबारा टक्क्यांच्या योजनेत, प्लॉट मिळाला, प्लॉटवर इमारत झाली आणि धनेशचा धनेशशेठ झाला. ज्या वर्षी मी कायमची पाण्याबाहेर आले, त्याच वर्षी माझं करिअर बहरलं. गाणी आता यूट्यूबवर आली होती. धनेश निर्माता झाला. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला त्याचं नाव आगीतून बाहेर यायचं, मग ड्रोननं आकाशातून मी दिसायचे, मग धनेशची गाडी, धनेशच्या गळ्यातलं सोनं, पुन्हा मी. दर गाण्याला मला नवा रंग. पिवळी झाले, निळी झाले, एकदा तर सोनेरी. मी चिखलात उभी असायचे आणि चार माणसं मला मागून हलवायची, म्हणजे मी लाटांवर आहे असं वाटावं. ज्या होडीनं खरोखर लाटा पाहिल्या, तिला लाटांचा अभिनय करावा लागला. एक गाणं एक कोटी लोकांनी पाहिलं. इतके मासे मी जन्मात पाहिले नाहीत.

गोजराचा आवाज त्या गाण्यांत असायचा, नाही असं नाही. सुरुवातीला दहा सेकंद, मशीननं बारीक केलेला. मग धाडधाड डीजे.

आता तर गाण्याची ती पाच मिनिटंही राहिली नाहीत. पोरी येतात, माझ्या नाळेपाशी एक गिरकी घेतात, फोनकडे बघून डोळा मारतात आणि जातात. पंधरा सेकंद. अख्खी मी आता मावतच नाही, फोन उभा धरलेला असतो. आणि हल्ली मितेशनं आणखी एक शोध लावलाय. माझा एक फोटो घेऊन तो कॉम्प्युटरला देतो आणि कॉम्प्युटर मला चालवतो. करावे खाडीत कधी दिसला नाही इतका निळा समुद्र, आणि वल्ही मारायला कुणी नसताना वल्ही आपोआप चालतात. म्हणजे मी नसतानाही माझं काम होतं. गोजराला व्हीसीडीच्या वेळी काय वाटलं असेल, ते मला असं उशिरा कळलं.

गेल्या वर्षी गोजराच्या गळ्याला गाठ आली. डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल. गाठ साधी आहे, पण आवाजाच्या नसा अगदी लागून आहेत. आवाज बदलेल, कदाचित जाईल, खात्री देता येत नाही. घरात धनेशची मुलगी मनस्वी हिचं लग्न ठरलं होतं. गोजरानं सांगून टाकलं, "गला कापाचा त कापा. पन आदी नातीची हलद."

दुसऱ्या दिवशी आजी-नात माझ्या काठावर टेकल्या होत्या. मनस्वी सीवूड्सला एका ऑफिसात काम करते, बोलायला फटकळ आहे. तिनं विचारलं, "आजी, भीती वाटते का?"

"भीती नाय गो." गोजरानं माझ्या फळीवरून हात फिरवला. "मना यकदा बगाचा हाय. मी गातंय ती कशी दिसतंय. इतक्या गान्यात माजा आवाज हाय, पन मी कंदी दिसलूच नाय. आता आवाजच गेला त काय बगनार?"

माझ्या सगळ्या फळ्यांत काहीतरी हललं. जिच्या आवाजावर मी मिरवले, तिचा एक शॉट नाही, आणि माझे मोजून संपत नव्हते.

मनस्वीनं मितेशला गाठलं. तोच हळदीचं शूटिंग करणार होता. त्यानं एका कागदावर सगळी हळद मिनिटामिनिटानं लिहिली होती. चार वाजता सुरू, कारण तेव्हाचा उजेड चांगला. पूर्वी मुहूर्त भटजी काढायचे, आता सूर्याचा अंदाज घेऊन मितेश काढतो. त्या कागदावर लिहिलं होतं, 'चार चाळीस, धवलारीण आजी, पंधरा सेकंद'.

"काका, आजीचा पूर्ण धवला शूट करायचाय."

"अगं बाळा, बावीस मिनिटं कोण बघतं? पंधरा सेकंदांच्या वर गेलं का पब्लिक स्वाइप करते. टेन्शन नको घेऊ, आजी एक नंबर दिसतील."

धनेशही त्याच्या बाजूचा. "आये, दोन ओली बोल. बाकी डीजे हाय ना," तो आईला म्हणाला.

हळदीच्या दिवशी मला फिका गुलाबी रंग दिला. थीम होती म्हणे. अंगावर झेंडूच्या माळा, बुडाखाली विटा. मांडवात मधोमध मनस्वीचा पाट, तिच्या पलीकडे गोजरा आणि अलीकडे, गोजराच्या बरोबर समोर, मी. पोरंटोरं माझ्यात चढून फोटो काढत होती. चव्वेचाळिसावं गाणं, मी मनात म्हटलं.

चार चाळीसला मितेशनं खूण केली. गोजरानं डोळे मिटले आणि पहिल्या देवाला हाक मारली. पंधरा सेकंद झाले.

"कट! सुपर, आजी! डीजे, रेडी?"

कॅमेरा खाली गेला. गोजरा गातच होती. डीजेवाल्यानं बटणावर हात ठेवला.

"हात काढ तिथून," पाटावरून मनस्वी ओरडली. तिचं तोंड, हात, सगळं पिवळं झालं होतं.

"मनस्वी, पावनं ताटकललेत," धनेश पुढे आला. "पोरींचा डान्स हाय, उजेड जाईल."

"पप्पा, आजीनं देव बोलावलेत. आता डीजे लावून त्यांना हाकलायचं काय? तुम्ही हाकला मग. तुमच्या हातानं बटण दाबा."

धनेश थबकला. भिंतीएवढे स्पीकर लावणारा माणूस, पण आईच्या धवल्यावरच त्याचंही लग्न लागलं होतं. तो गेला, डीजेवाल्याला बाजूला केलं आणि स्वतः बटणांकडे पाठ करून उभा राहिला. कुणी हात लावू नये म्हणून.

मनस्वीला पाटावरून उठता येईना. हळद लागत असताना नवरीनं उठायचं नसतं. तिनं डोळ्यांनी आईला खुणावलं. सुचिता, धनेशची बायको, मुलीचा फोन घेऊन आली. पण नवरीच्या आईला हळद लावायची असते, फोन किती वेळ धरणार? तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यात चढलेल्या पोरांना एक दम भरून खाली उतरवलं. फोन माझ्या पुढच्या फळीवर, झेंडूच्या माळेला टेकवून, गोजराकडे तोंड करून आडवा ठेवला. लाल ठिपका लागला आणि ती गेली.

आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या मागे होते मी.

मला सांगा, होडीचं काम काय? हलायचं. विटांवर सुद्धा माझी एक बाजू डुगडुगते. ती बावीस मिनिटं मी श्वास धरून बसले. समोर गोजरा. मान जराशी डावीकडे, हात मांडीवर, बोटं पाण्यात वल्हं फिरावं तशी हळूहळू फिरताहेत. घरच्या माणसांची नावं आली तेव्हा तिनं नामदेवला हाक मारली आणि तिथं तिचा आवाज फाटला. तिनं पुन्हा तेच नाव घेतलं, आणि या वेळी ते पुरं उमटलं. मितेश घड्याळ बघत होता तो केव्हातरी खाली जमिनीवर बसला. उजेड गेला, नाचायच्या पोरी खुर्च्यांवर बसल्या, भटजींचा चहा थंड झाला. एकेका देवाला निरोप देऊन गोजरानं डोळे उघडले.

ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली. आवाज मात्र गेला तो गेलाच, आता गोजरा घोगरं, कुजबुजल्यासारखं बोलते. फोनवर नातेवाईक विचारतात, कोण बोलतंय? तिला ते आवडत नाही, म्हणून ती फोन सुचिताकडे देते.

मनस्वी माहेरी आली तेव्हा तिनं माझ्या काठावर बसून आजीला तो व्हिडिओ दाखवला. गोजरानं फोन नाकाजवळ धरला. पहिली पाच मिनिटं तिनं नुसतं पाहिलं. मग कुजबुजली, "डोले मिटून गातंय मी?"

"नेहमीच मिटतेस, आजी."

"मना म्हाईतच नवता." तिनं पदरानं फोनची काच पुसली, पण काच स्वच्छच होती. "बरी दिसतंय गो. म्हातारी हाय, पन बरी दिसतंय."

हल्ली ती रोज दुपारी येते आणि अख्खा व्हिडिओ बघते. पुढे ढकलत नाही. मितेशची पंधरा सेकंदांची रील दोन लाख लोकांनी पाहिली. तिच्यात माझा गुलाबी रंग छान उठून दिसतो. मनस्वीनं टाकलेला धवला सहाशे अकरा जणांनी उघडला, त्यांतले निम्मे म्हणजे गोजराच. कुणीतरी खाली लिहिलंय, 'डीजे मिक्स कधी येणार?'

मला आता पावसाळ्यानंतर हलवणार आहेत. पार्किंगला जागा कमी पडते. कुठल्याशा चौकात माझ्यात झाडं लावून ठेवतील किंवा कुणी हॉटेलवाला नेईल, धनेश बघतोय. जाण्याआधी तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मला बघायचं असेल तर वाटेल ते कोळीगीत लावा, कुठंतरी मी असेनच. गोजराला बघायचं असेल तर एकच व्हिडिओ आहे, बावीस मिनिटांचा, आणि त्यात मी कुठंही नाही.